फुंकायचं नाही, ओढायचं

बुऱ्हाणपुरात माणसाच्या तोंडाशी नळी नेली की तो फुंकतो. शिकलेला असो, अडाणी असो, कापडाचा व्यापारी असो की शाळेचा हेडमास्तर. त्याला आधी दहा वेळा सांगा की बाबा रे, यातून हवा आत ओढायची आहे. तो मान डोलावतो, "समजलं, समजलं" म्हणतो, नळी ओठांत धरतो आणि गाल फुगवून फुंकतो. तीसेक वर्षं मी हे पाहत आले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. आमच्या गावात या शब्दाचे तुकडे पडत पडत आता 'फिजो मॅडम' एवढंच उरलं आहे. दवाखान्यातली नोकरी संपल्यावर घरी बसवेना, म्हणून गावातल्या शनवारा भागात एका कापडाच्या दुकानावरची खोली घेतली आणि पाटी लावली. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या कामातल्या गमती लिहा. मी म्हटलं, गंमत कसली डोंबलाची, लोक गुडघे घेऊन येतात आणि कुरकुर ठेवून जातात. मग पुंडलिक मास्तर आठवले आणि पेन उचललं.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फिजिओथेरपी म्हणजे नुसते गुडघे आणि कंबर नव्हे. आपण श्वास घेतो तोही स्नायूंच्याच जोरावर. बरगड्यांच्या खाली आडव्या पडद्यासारखा एक स्नायू असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकला की छातीत जागा होते आणि हवा आत येते. बरगड्यांमधले बारके स्नायू त्याला हातभार लावतात. दंड जसे वजन उचलून तयार होतात तसे हे स्नायूही तयार होतात, फक्त त्यांच्या हातात वजन देता येत नाही. म्हणून मुठीत मावेल असं एक प्लास्टिकचं यंत्र मिळतं. एका टोकाला तोंडात धरायची नळी, आत स्प्रिंग, बाहेर पिळायचा स्क्रू. स्क्रू आवळला की हवा आत ओढायला जास्त जोर लागतो. सकाळी तीस वेळा ओढायचं, संध्याकाळी तीस वेळा ओढायचं, आठवड्याला स्क्रू थोडा आवळायचा. एवढंच. बाहेर फुंकताना मात्र ते यंत्र काहीही अडवत नाही. म्हणजे उलटं फुंकणारा माणूस वर्षभर फुंकत राहिला तरी त्याच्या श्वासपटलाला कानोकान खबर लागत नाही.

माझ्या खोलीला बावीस पायऱ्यांचा उभा जिना आहे. तीच माझी पहिली तपासणी. पेशंट वर आला की मी त्याला बसू देत नाही. पूर्ण नाव, गाव आणि धंदा एका दमात सांगायला लावते. जो मधेच थांबतो त्याच्या वहीवर मी फुली मारते. मी स्वतः चढताना जिन्याच्या वळणावर थांबते आणि पर्समध्ये किल्ली शोधते. किल्ली कमरेलाच खोचलेली असते, पण हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुंडलिक मास्तर आले ते उशीच्या अभ्र्यात ट्रम्पेट गुंडाळून. साठी उलटलेली, मिशी काळी कुळकुळीत, कानामागचे केस पांढरे. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि 'बँडमास्तर' म्हणण्याआधी दोन श्वास घेतले.

"मॅडम," ते म्हणाले, "माझा सूर तुटू राह्यला."

मग त्यांनी मला 'दारचा सूर' समजावला. वरात नवरीच्या दारात पोचली की त्यांच्या बँडचे ढोल, ताशे, क्लॅरनेट सगळं एकदम गप्प होतं. नवरदेव घोडीच्या रिकिबीतून पाय काढतो, त्या क्षणी ट्रम्पेटवाला एकटा एक सूर धरतो, आणि नवरदेवाचा पाय खाली मांडलेल्या पाटाला लागेपर्यंत तो सूर सोडत नाही. एका श्वासात. मधे दम घ्यायचा नाही, नवरदेवाला कुणी हात लावून उतरवायचं नाही. हा रिवाज शास्त्रात कुठं नाही, मास्तरांच्या वडिलांनी काढला आणि त्यांच्या बँडची तीच ओळख झाली. गालात हवा साठवून नाकानं श्वास घ्यायची युक्ती काही वाजवणाऱ्यांना येते, पण वडिलांनी ती चोरी ठरवली होती, म्हणून मास्तर ती शिकलेच नाहीत. मागच्या लगीनसराईत त्यांचा सूर दोनदा तुटला. एकदा तर नवरीकडच्या बायका फिदीफिदी हसल्या.

"आता संज्या म्हणे, पप्पा, तुम्ही खुळखुळा धरा."

संजू म्हणजे त्यांचा मुलगा. तोही ट्रम्पेट वाजवतो आणि बँडचा सगळा कारभार तोच पाहतो. आणि खुळखुळा म्हणजे खुळखुळाच, दांडीला लावलेला भोपळा, आत खडे. बँडमध्ये तो कुणाच्या हातात देतात, तर ज्याला अजून काही येत नाही त्याच्या, किंवा ज्याचं सगळं येऊन गेलं त्याच्या.

मी तेव्हा जे बोलले त्याची आजही लाज वाटते. मी म्हटलं, "मास्तर, वय झालं की दम कमी होणारच."

त्यांनी शांतपणे ट्रम्पेट पुन्हा अभ्र्यात घातलं. "हे तं संज्या भी बोलतो मॅडम. त्याच्यासाठी बावीस पायऱ्या चढायची मले काय जरूरत होती?"

मी त्यांना हाताला धरून बसवलं. आधी डॉक्टरांकडे पाठवून हृदय आणि फुप्फुसं तपासून घेतली, कारण कुणाच्याही तोंडात यंत्र कोंबायचं नसतं. दोन्ही ठणठणीत निघाली. मग खोलीतच सूर धरायला लावला आणि घड्याळाकडे बघून सेकंद मोजले. चौदा. खालच्या कापडवाल्याच्या घरातून त्याची बायको आरतीचं ताट घेऊन जिन्यापर्यंत आली होती, तिला वाटलं वरात आली.

मी यंत्र दिलं, समजावून सांगितलं, मास्तरांनी मान डोलावली आणि "समजलं, समजलं" म्हणाले. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी आले ते गाल सुजवून. मोजलं तर सूर तेरावर.

"रोज करता ना?"

"रोज काय, मॅडम, तीस बोले होते तुम्ही, मी शंभर शंभर करतो. पोरांना भी करायला लावलं. ढोलवाला एका टायमाला चाळीस बार फुंकतो."

"फुंकतो?"

"मग?"

मी डोक्याला हात लावला. अकरा जणांचा बँड पंधरा दिवस माझ्या एका नळीतून आळीपाळीनं फुंकत होता. ती नळी मी चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकली, त्यांना कोरी दिली, वर दोन जादा दिल्या आणि ताकीद दिली की दुसऱ्याचं तोंड लागलेली नळी आपल्या तोंडाला लावायची नाही. मग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं, 'फुंकायचं नाही, ओढायचं', आणि समोरच्या भिंतीवर चिकटवलं.

पण कागद लावून काय होतंय. पन्नास वर्षं ज्या ओठांनी फुंकलं त्यांना नळी दिसली की त्यांचं तेच चालू व्हायचं. मी म्हटलं, "मास्तर, उन्हाळ्यात नारळपाणी पिता ना नळीनं? तेव्हा काय करता?"

"पहले फुंकतो."

"का?"

"नळीत कचरा राहतो ना."

शेवटी मी एक पेला पाणी आणि नळी आणली आणि त्यांना म्हटलं, फुंकलंत तर पाणी माझ्या साडीवर उडेल. तीन साड्या भिजल्या. चौथ्या दिवशी मास्तरांनी ओढलं, आणि ओढलं ते असं की पाणी नाकातून आलं. आम्ही दोघं मुलांसारखे हसलो. यंत्राचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

हसता हसता मला एक गोष्ट टोचलीही. नोकरीत असताना ऑपरेशन झालेल्या पेशंटना मी तीन चेंडूंचं यंत्र द्यायची. त्यातही हवा आत ओढायची असते, तेव्हा चेंडू वर जातात. वॉर्डात गर्दी, माझ्यामागं दहा खाटा, मी सांगून पुढं जायची. त्यातल्या कितीजणांनी घरी जाऊन महिनाभर फुंकलं असेल आणि चेंडू हलत नाहीत म्हणून स्वतःलाच दोष दिला असेल, देव जाणे. सांगितलं म्हणजे समजलं, असं मी धरून चालले. ते चुकलंच.

श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंचा फुंकणाऱ्याला काय उपयोग, असं संजूनं मास्तरांकडून विचारून पाठवलं होतं. उपयोग असा की छाती भरली की ती आपोआप रिकामी व्हायला बघते. सूर लांबवायचा तर ती हवा एकदम सुटू न देता हळूहळू सोडावी लागते, आणि तिला धरून ठेवायचं काम हेच ओढणारे स्नायू करतात. पाण्याची भरलेली बादली गच्चीवरून खाली सोडताना दोर हातातून घसरू देत नाही, तसं. मास्तरांना हे लगेच पटलं. संजूचा निरोप आला, "देखते है."

त्याच दिवसांत ईश्वर यायला लागला. ईश्वर जवळच्या फोपनार गावचा, केळीचे घड वाहणारा गडी. बागेत घड कापला की तो खांद्यावर घ्यायचा, चिखलातून चालत यायचं आणि फळीवरून ट्रकमध्ये चढवायचा, दिवसभर हेच. अंगानं पहिलवान, पण दहाव्या खेपेला धापा टाकत खाली बसायचा आणि टोळी हसायची. मी त्याला म्हटलं, उद्या एक घड घेऊन ये, मला बघायचंय. दुसऱ्या दिवशी तो खरंच अख्खा घड खांद्यावर घेऊन बावीस पायऱ्या चढला. वर पोचला तेव्हा चेहरा जांभळा.

"ईश्वर, तू जिन्यावर श्वास किती वेळा घेतलास?"

तो विचारात पडला. "घड असते ना मॅडम खांद्यावर. श्वास घेतला तं ध्यान हटते."

म्हणजे हा गडी घड खांद्यावर आला की श्वास बंद करायचा आणि घड उतरला की सुरू करायचा. आणि हे त्याच्या एकट्याचं नाही, वजन उचलणारी पुष्कळ माणसं नकळत असंच करतात. मी त्याला यंत्र दिलंच, पण त्याहून मोठं काम म्हणजे चालताना श्वास सोडायला शिकवणं. मी जिन्याच्या वर उभी राहायची आणि उघडा तळवा छातीपासून पोटापर्यंत खाली न्यायची. हात खाली आला की ईश्वरनं 'हूऽऽ' करून श्वास सोडायचा आणि पाऊल टाकायचं. महिनाभर आमच्या जिन्यात केळी आणि हूऽऽ. घड पिकला की येणारे-जाणारे पेशंट खायचे, त्यामुळे त्या महिन्यात माझ्याकडे गुडघ्यांची गर्दीही वाढली.

मास्तर आणि ईश्वर यांची गट्टी जमली. दोघं बाकावर शेजारी बसून एकमेकांच्या यंत्राचे स्क्रू तपासायचे. "तुझा किती?" "चार." "माझा साडेचार." या वयात मास्तरांनी स्क्रूत बेइमानी केल्याचं मी दोनदा पकडलं.

घरी संजूची कटकट नको म्हणून मास्तर सकाळी राजघाटावर जाऊन सूर लावायचे. तापीच्या पाण्यावरून सूर लांब जातो, छान वाटतं. पण एके दिवशी काय झालं, खालच्या पायरीवर एका घरचा दहावा चालला होता. पिंड ठेवलेला, मंडळी हात जोडून बसलेली, आणि कावळा काही शिवेना. कावळे येत होते, बसत होते, आणि मास्तरांनी सूर धरला की भुर्रकन उडून जात होते. मास्तरांचे डोळे मिटलेले, ते आपले मनात आकडे मोजत. घरच्यांना वाटलं, गेलेल्या म्हाताऱ्याची काही इच्छा राहिली. थोरला म्हणाला, बाबा, शेत विकणार नाही. कावळा उडाला. धाकटा म्हणाला, बाबा, तंबाखू सोडतो. कावळा उडाला. मग थोरली सून पुढं झाली आणि मोठ्या जड मनानं म्हणाली, "मामाजी, आरशाचं कपाट मी धाकटीला देते." नेमके त्याच वेळी मास्तर चहा प्यायला थांबले आणि कावळ्यानं पिंड उचलला. कपाट त्याच दिवशी धाकटीच्या खोलीत गेलं. ही हकीकत मला थोरल्या सुनेनंच सांगितली, ती माझ्याकडे पाठदुखीसाठी येते. तिला अजून ट्रम्पेटचं ठाऊक नाही, निदान हा अंक हाती पडेपर्यंत तरी.

तिसऱ्या महिन्यात मास्तरांचा सूर सव्वीस आकड्यांवर गेला. ईश्वर एका दिवसात पंचवीस खेपा करून हसत उभा राहायला लागला. आणि ईश्वरचं लग्न ठरलं. मुलगी आमच्या शनवाऱ्यातलीच. त्यानं घरी सांगून टाकलं, दारचा सूर मास्तरांनीच धरायचा, नाही तर मी घोडीवर बसत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी संजू माझ्याकडे आला. नाव, गाव, धंदा एका दमात सांगितलं, हवं तर पत्ताही सांगितला असता.

"मॅडम, सच बोला. पप्पा कडून होईल का?"

"सव्वीसपर्यंत जातात. नवरदेव दहा-बारात उतरतो."

"खोलीत जातात ना. वहाँ पब्लिक राहील." तो बाकावर टेकला. "मी काय दुश्मन आहे का त्यांचा? मागच्या टायमाला बायका हसल्या ना, मले झोप नाही आली. पप्पा कोणाच्या हसण्याची चीज आहे का? मी ट्रम्पेट घेऊन बाजूलाच उभा राहीन. त्यांचा सूर तुटला, तो मी उचलतो, पब्लिकला पता भी नाही चालणार. पण मग उद्यापासून खुळखुळा. पप्पांनी हो म्हटलंय."

माझा त्याच्यावरचा राग तिथंच गेला. मास्तरांनी हो म्हटलंय हे ऐकून मात्र मी त्यांच्या वहीतला सव्वीसचा आकडा पुन्हा काढून पाहिला.

लग्न गोरज मुहूर्ताचं. मी ठेवणीतली साडी नेसून नवरीच्या दारात आधीच जागा धरली, कारण मला मोजायचं होतं. वरात आली. पुढं लाल कोटातला बँड, मधोमध मास्तर, मिशीला ताजा रंग. त्यांच्या डाव्या हाताला संजू आपलं ट्रम्पेट घेऊन. बँडच्या हातगाडीवर खुळखुळा आडवा ठेवलेला, तो मला आधी दिसला. आणि मागं घोडीवर ईश्वर.

ईश्वर मला बरा दिसेना. हातभर रुंदीच्या फळीवरून खांद्यावर घड घेऊन धावणारा हा गडी, पण जन्मात घोडीवर बसला नव्हता. डोळे ताठ, मान ताठ, कट्यार घट्ट धरलेली.

दारात ढोल थांबले. पाट मांडला गेला. ईश्वरनं रिकिबीतून उजवा पाय काढला आणि मास्तरांनी सूर धरला. भरीव, सरळ, जराही न हलणारा सूर. मी मोजायला लागले. पाच. आठ. बायका पदर सावरून बघत होत्या. दहा. ईश्वर उतरेना.

त्याचा पाय घोडीच्या पाठीवर अर्ध्यात अडकला होता, म्हणजे कशात अडकला नव्हता, नुसता थांबला होता. बारा. चौदा. घोडीवाला म्हणाला, "अरे भाऊ, उतर ना." ईश्वरचा चेहरा जांभळा व्हायला लागला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गड्यानं श्वास बंद केला होता. घोडी त्याच्यासाठी घड झाली होती, आणि घड उतरेपर्यंत तो श्वास घेणार नव्हता, आणि श्वास घेतल्याशिवाय घड उतरणार नव्हता.

अठरा. वीस. हात लावायचा नाही हा नियम, त्यामुळे सगळं वऱ्हाड खिळलेलं. मास्तरांचे कान लाल झाले, मानेची शीर वर आली. बावीस. संजूनं ट्रम्पेट वर उचललं. मी ओरडायला तोंड उघडलं, "ईश्वर, श्वास सोड," पण आवाजच निघेना. सूर सुरू झाल्यापासून मीही श्वास घेतला नव्हता. माझ्या छातीत ओरडण्यापुरती हवाच उरली नव्हती.

पंचवीस. सव्वीस. इथं मास्तरांची हद्द संपत होती. संजूनं ओठ ट्रम्पेटला टेकवले. मी गर्दीत दोन ढेंगा पुढं गेले, ईश्वरच्या डोळ्यांसमोर उघडा तळवा धरला आणि छातीपासून पोटापर्यंत खाली नेला. एकदा. दोनदा. अठ्ठावीस. सूर अजून होता. बारीक झाला होता, पण होता. तिसऱ्यांदा हात खाली गेला आणि घोडीवरून भल्यामोठ्या आवाजात आलं, "हूऽऽ."

पाय सुटला, ईश्वर घसरला, आणि त्याची मोजडी पाटावर धप्पकन पडली. तेहेतीस. मास्तरांनी सूर तुटू दिला नाही. पाय टेकल्यावर एक क्षण तो धरून ठेवला, मग आपल्या हातानं मिटवला.

सगळं वऱ्हाड एकदम श्वास सोडतं तेव्हा कसा आवाज होतो, तो मी त्या दिवशी ऐकला. कुणी हसलं नाही. संजूनं ट्रम्पेट ओठांपासून काढलं. मग तो हातगाडीपाशी गेला, ट्रम्पेट खाली ठेवलं, खुळखुळा उचलला आणि पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा बापाच्या मागं उभा राहून वाजवायला लागला. मास्तरांनी वळून पाहिलं. तेव्हा त्यांच्या गाण्यातला सूर किंचित हलला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

इतका वेळ धरलेला श्वास तेव्हा भोवला. डोळ्यांपुढं अंधारी आली. कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणी लग्नपत्रिकेनं वारा घालायला लागलं. "फिजो मॅडमले चक्कर आली," असं चार जणींनी चार दिशांना पोचवलं. गर्दीतून लाल कोट आला. मास्तरांनी ट्रम्पेट काखेत मारलं, कोटाच्या आतल्या खिशातून यंत्र काढलं, जुनी नळी काढून कोरी बसवली आणि ते माझ्या हातात दिलं.

"कोरी आहे मॅडम. दुसऱ्याचं तोंड नाही लागलं."

मी यंत्र घेतलं. तीस वर्षांत शेकडो लोकांच्या हातात दिलेलं, माझ्या तोंडाला मात्र पहिल्यांदाच लागणारं. मी नळी ओठांत धरली, डोळे मिटले, सगळा जोर लावला आणि फुंकलं.

ढोलवाला आधी हसला. मग सगळा बँड. मास्तर हसले नाहीत. ते वाकले, यंत्र माझ्या हातात नीट धरून दिलं आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, फुंकायचं काम आमचं. तुम्ही ओढा."